भिंतीवरचा भंडारा

"येळकोट येळकोट, जय मल्हार!"

तंजावुरात मार्गळीच्या, म्हणजे मार्गशीर्षाच्या, पहाटे असं धुकं पडतं की समोरच्या घराचं दार दिसत नाही. त्या धुक्यात माझ्या मावशीच्या घरापुढे अर्धी गल्ली उभी होती. शाली पांघरलेल्या म्हाताऱ्या, कडेवर पोरं घेतलेल्या बाया, स्कूटर आडवी लावून आलेले बँकेतले साहेब. शेजारचे तमिळ लोकही रांगेत होते. मल्हारी कोण हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण देव कुठला का असेना, प्रसाद मिळतोय म्हटल्यावर कोण मागे राहतो?

आत, माझ्या मावसभावाच्या, गणेशकुमारच्या, खोलीत, खंडोबाच्या चित्रातून भंडारा येत होता. हळदीसारखी पिवळी पूड. काचेच्या आतून, चौकटीच्या कडांतून, मागच्या भिंतीतून. आज पुसली तर दोन दिवसांनी पुन्हा हजर. बोला आता!

मी विनुता. मुलींच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते, आणि माझी जीभ तिखट आहे असं आमच्या नात्यात सगळ्यांचं एकमत आहे. तर तिखटच सांगते. हीच पूड शेजारच्या तमिळ घरात उगवली असती, तर त्यांनी ओला फडका मारून ती पुसली असती आणि प्लंबरला फोन केला असता. तिला हात जोडायची चूक फक्त आम्हीच करू शकत होतो.

आम्ही म्हणजे इथले मराठी. आमचे पूर्वज मराठी राजांबरोबर इकडे आले, राज्य गेलं आणि आम्ही राहिलो. आमची मराठी सांबारात बुडवून काढलेली. देवनागरी वाचणारे हाताच्या बोटांवर मोजावेत. कुळदैवत खंडोबा, पण जेजुरी पाहिलेला माणूस आमच्या घराण्यात तीन पिढ्यांत झाला नाही. त्यामुळे मनात एक हुरहुर असते. देव आपल्याला विसरला तर नाही ना? आणि अशा लोकांच्या भिंतीवर एके दिवशी पिवळी पूड दिसते. त्यांना फडका कसा आठवावा?

चित्र होतं आमच्या तंजावुरी पद्धतीचं. लाकडी फळीवर कापड, त्यावर चिंचोक्याच्या खळीचा आणि खडूच्या भुकटीचा थर, वर सोन्याचा वर्ख. घोड्यावर खंडोबा, पुढ्यात म्हाळसा. ते पूर्वी दिवाणखान्यात असायचं. गणेशकुमारच्या खोलीत ते मावशीनं नेलं, त्याचं ऑपरेशन झाल्यावर.

गणेशकुमार माझ्याहून चार वर्षांनी लहान. त्याची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली, तेव्हा सरस्वतीमावशीनं आपलं एक काढून दिलं. "मला दोन कशाला हवीत ग?" एवढंच म्हणाली, आणि शस्त्रक्रियेच्या टेबलावर जाऊन झोपली. पोरगा उठला, हिंडूफिरू लागला, पुन्हा ऑफिसला जाऊ लागला. पण शरीरानं ते परकं मूत्रपिंड झिडकारू नये म्हणून त्याला जन्मभर गोळ्या होत्या. त्या गोळ्यांनी अंगातली लढायची ताकदच कमी होते. डॉक्टर वैद्यनाथ यांनी बजावलं होतं, "धूळ नको, गर्दी नको, ओल नको."

मावशीनं आणि तिचे यजमान सीतारामकाका यांनी ते अक्षरशः पाळायचं ठरवलं. धूळ नको म्हणून खोलीच्या दोन्ही खिडक्या खिळे ठोकून बंद केल्या. चुन्याची जुनी भिंत भुगा पाडते म्हणून तिच्यावर चकचकीत ऑइलपेंट मारला. एसी बसवला. आणि पोराचं रक्षण व्हावं म्हणून देवाला आणून त्याच्या उशाशी टांगलं. त्या भिंतीच्या पलीकडे न्हाणीघर होतं, आणि त्यातला नळ कधीचा आत पाझरत होता. आमचा मोठा पाऊस कार्तिकात कोसळतो. तो कोसळला, भिंत पाणी प्यायली, आणि ऑइलपेंटमुळे ते पाणी बाहेर कुठे जाईना. जे काही केलं ते सगळं मायेनं केलं होतं, हो. मला त्याचाच जास्त राग येतो.

पूड दिसल्यावर काकांनी फोटो काढून आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला. मंडळाचे चिटणीस रघोजी. त्यांनी तासाभरात तो जगभर पोचवला आणि आठवडाभरात मार्तंडभगताला घेऊन आले.

हा भगत म्हणे खास जेजुरीचा. खांद्यावर घोंगडी, कपाळभर हळद, हातात दिवटी. पण त्याचं खरं हत्यार होतं त्याची भाषा. "लेकरांनो, ही हळद न्हवं! ह्ये सोनं हाय सोनं! देवाचा घोडा दख्खनेतनं निगाला, त्याच्या टापंची धूळ तुमच्या भिताडावर बसली!" आमची माणसं तोंड उघडं टाकून ऐकत राहिली. अर्ध्यांना अर्धंच कळत होतं, पण असली मराठी! आपली ती खोटी आणि ही खरी, अशी एक लाज आमच्या लोकांच्या मनात घर करून बसलेली असते. त्या लाजेवर हा माणूस पाट मांडून जेवायला बसला.

पहिल्यांदा मी गेले तेव्हा दारातच मला वास आला. पावसाळ्यात कपाटात राहून गेलेल्या चपलेचा असतो, तसा कुबट. खोलीत अंधार. चित्रावर ओलं पांढरं धोतर पांघरलेलं, "देवाला गारवा" म्हणून. भिंतीला गूळ घातलेल्या भाताच्या पेजेचा लेप, "देवाला निवद" म्हणून. एसी बंद, कारण वाऱ्यानं भंडारा उडतो. आणि गणेशकुमारचा पलंग सरकवून थेट चित्राखाली आणलेला.

"मावशी, खिडकी उघड आधी," मी म्हटलं.

"अय्यो, नको ग!" तिनं माझा हात धरला. "भगत म्हणतात, खिडकी उघडली की देव उठून जातो."

"देव घोड्यावर बसून दख्खनेतून इथवर आला आणि खिडकीला घाबरतो?"

भगत कोपऱ्यातून हसला. नाकावरचा उपरण्याचा पदर त्यानं जरा घट्ट केला. "शिकल्यालं पाखरू दिसतंय. ताई, बुद्दी जितं थांबती, तितं मल्हारी उबा ऱ्हातो."

"आणि तुम्ही नाक का झाकून उभे आहात?"

"देवापुढं श्वास सोडू न्हाई," तो म्हणाला. सगळ्यांनी माना डोलावल्या. या माणसाकडे प्रत्येक कुलपाला किल्ली तयार होती.

दर रविवारी भंडारा उधळायचा. बाहेर रांगेतल्या लोकांना पुड्या मिळत. घरच्यांसाठी मात्र भगत भिंतीवरून मोरपिसानं पूड खरवडून पितळी वाटीत घेई. हा मावशीचाच हट्ट होता. पुडीतला नको, देवाच्या अंगावरचा अस्सल हवा. तो ती पोराच्या कपाळाला लावी, थोडी मावशी आपल्या हातानं त्याच्या जिभेवर ठेवी, आणि उरलेली भगत त्याच्या डोक्यावरून उधळून देई. खोलीत पिवळा धूर होई आणि पोरगा खोकत खोकत हात जोडी.

मी त्याला अंगणात गाठलं. "अरे, तू इंजिनीअर. तुझा विश्वास आहे का यावर?"

"नाही, अक्का." तो हसला. "पण ऑपरेशननंतर अम्मा पहिल्यांदा शांत झोपते आहे. हळदच तर आहे. खातो तिच्यासाठी चिमूटभर."

ही हळद नाही, हे मी त्याच दिवशी नखानं खरवडून घेतलेली पूड कॉलेजातल्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्यावर पाहिलं. बारीक देठ, आणि प्रत्येक देठावर कणांनी गच्च भरलेलं गोल डोकं, झेंडूच्या फुलासारखं. बुरशी. भुईमुगावर, भिजलेल्या धान्यावर येते ती पिवळी-हिरवी बुरशी. तिला ओल हवी, बंद हवा हवी आणि खायला पीठ-साखर हवी. चिंचोक्याची खळ तिला आधीच मिळाली होती. पेज आणि गूळ भगतानं वाढला. असतील शितं तर जमतील भुतं म्हणतात ना, तशीच ती जमली होती, भिंत भरून.

मी सूक्ष्मदर्शकातून घेतलेला फोटो काकांना दाखवला. काका निवृत्त तहसील कारकून, सहीशिक्क्याशिवाय कशावर विश्वास न ठेवणारे. ते म्हणाले, "यंत्रात देव दिसत नाही, विनू." मी गणेशला माझ्या घरी चल म्हटलं. मावशी दाराशी आडवी झाली.

"मी माझ्या अंगातलं काढून दिलं ग त्याला. आता माझ्याजवळ द्यायला काही उरलं नाही. पुढचं देव बघतो म्हणतो, तर तू आड येतेस?"

 मी वैद्यनाथांना फोन केला. ते म्हणाले, ताबडतोब तपासणीला आणा. गणेश म्हणाला, "रविवार होऊ दे अक्का, सोमवारी येतो." सोमवारी तो आला. रुग्णवाहिकेतून.

ताप, दम, खोकल्यातून रक्त. छातीचा फोटो बघून वैद्यनाथांनी मला बाजूला घेतलं. ते बोलायच्या आधीच त्यांच्या चेहऱ्यावरून मला निम्मं कळलं. बुरशी श्वासातून आत गेली होती आणि फुप्फुसात वाढत होती. धडधाकट माणूस असता तर खोकून मोकळा झाला असता. याच्या गोळ्यांनी दार सताड उघडं ठेवलेलं. गोळ्या चालू ठेवल्या तर बुरशी फुप्फुस खाणार. बंद केल्या तर शरीर आईचं मूत्रपिंड झिडकारणार.

आणि अशा वेळी घरी काय चाललं होतं? महाभंडारा! गणेशकुमारच्या प्राणासाठी रविवारी मोठी उधळण. रघोजींनी गल्लीत मांडव घातला होता.

मी गेले. सोबत प्लास्टिकचा एक बंद डबा नेला होता. दिवाणखाना माणसांनी गच्च भरलेला. भगत रंगात आला होता. "पोराचं दुखनं देव अंगावर घेतोय! म्हनून भंडारा वाढलाय बगा, कालच्याहून दुप्पट!"

"मावशी," मी मोठ्यानं म्हटलं, "तुझं आरतीचं ताट दे. आणि पानाचा चुना."

 आमच्याकडे नवी नवरी उंबऱ्यावर आली, बाळंतीण घरी आली, की हळदीच्या पाण्यात चुना कालवून लाल पाणी ओवाळतात. चुना पडला की हळद लाल होते, हे तिथल्या प्रत्येक बाईच्या हाताला ठाऊक होतं. आणि गल्लीतल्या प्रत्येक लग्नात ते पाणी करायचा मान माझ्या मावशीचा. तिनं काही न विचारता ताट आणून दिलं.

ताटाच्या एका कडेला मी रांगेतल्या एका आजींची पुडी सोडली. दुसऱ्या कडेला भगताच्या पितळी वाटीतली पूड टाकली. "आता तू चुना घाल, मावशी. माझा हात नको. नाहीतर म्हणतील, बाईनं जादू केली."

तिनं दोन्हीकडे चुन्याचं पाणी सोडलं. पुडीतली पूड बघता बघता कुंकवासारखी लाल झाली. वाटीतली तशीच राहिली. पाण्यावर तरंगणारी, शेवाळी पिवळी, मळकट.

"ही पुडीतली बाजारातली हळद," मी म्हटलं. "किराण्याच्या दुकानात मिळते. हिनं कुणाचं काही बिघडलं नाही. पण ही दुसरी हळद नाही. तर मग ही काय आहे, सांगा भगत?"

"दैवी भंडारा लाल व्हत न्हाई!" भगत ओरडला. "ज्यो लाल व्हतो, त्यो मानसाचा. ज्यो पिवळा ऱ्हातो, त्यो देवाचा!"

काही जणांनी पुन्हा माना डोलावल्या. धन्य!

मग मी डबा उघडला. आत साधा भात होता, चार दिवसांपूर्वी शिजवलेला. मी त्यावर त्या भिंतीवरून खरवडून नेलेली चिमूटभर पूड टाकून, पाणी शिंपडून झाकण लावलं होतं. भात दिसतच नव्हता. वर सगळा पिवळा-हिरवा लोकरीसारखा थर. तोच कुबट वास खोलीभर पसरला, आणि पुढच्या बायांनी पदर नाकाला लावले.

"माझ्या स्वयंपाकघरात देव प्रकटला, भगत. मी तर एकदाही येळकोट म्हटलं नाही. नळ गळतो म्हणून भिंत ओली. खिडक्या बंद म्हणून ती सुकत नाही. खळ आणि पेज म्हणून हिला खायला मिळतं. एवढाच चमत्कार! आणि खोटं वाटत असेल तर घ्या." मी पितळी वाटी त्याच्यापुढे धरली. "देवाचा प्रसाद. एक चमचा खा. जोरात श्वास घेऊन उधळा आपल्या डोक्यावर."

त्यानं वाटीकडे पाहिलं. मग दाराकडे.

"खा की हो," रांगेतल्या आजी म्हणाल्या. "मल्हारीचाच आहे ना?"

"आज माजा उपास हाय," भगत म्हणाला.

कुणीतरी खुसकन हसलं. मलाही हसू येणार होतं, खोटं कशाला सांगू? जिंकल्यासारखं वाटलं क्षणभर. तेवढ्यात मावशी बोलली. ती हातातल्या ताटाकडे बघत होती.

"विनू, हे लाल नाही झालं."

"नाही, मावशी."

"मग मी गणूला काय खाऊ घातलं ग?"

  काय सांगू तिला? एका हातानं जीव दिलास आणि दुसऱ्या हातानं? मी म्हटलं, "ते नंतर बोलू. तू बस आधी."

"नंतर नको. सगळ्यांपुढे सांग. मला वाचवायला गप्प बसू नको."

मी सांगितलं. बुरशी कशी उडते, श्वासातून कशी आत जाते, त्याच्या गोळ्यांमुळे ती कशी माजली, डॉक्टर काय म्हणाले. एकेक वाक्य तिच्या डोळ्यांत बघून सांगितलं. ती रडली नाही. ताट खाली ठेवून आतल्या खोलीत गेली आणि खिडकीचे खिळे उपटू लागली. काका पक्कड घेऊन धावले. बाहेर ऊन पडलं होतं, ते इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्या पलंगावर आलं. पलंग रिकामा होता.

या गडबडीत भगत मागच्या दारानं निघून गेला. रघोजी म्हणाले, "जाऊ द्या, पोलीस नको, मंडळाची अब्रू जाईल." चार शहाण्यांनी त्यालाही माना डोलावल्या. माना डोलवायची सवय काही एका दिवसात जात नाही.

गणेशकुमार पोंगलनंतर गेला. आधी आईचं मूत्रपिंड थांबलं, मग तो. शेवटी शुद्धीवर होता तेव्हा मला म्हणाला, "अक्का, अम्माला सांगू नको की मी ते तिच्यासाठी खात होतो." मी तिला ते सांगितलेलं नाही. ती देवनागरी वाचत नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

मला वाटलं होतं, मावशी आता अंथरूण धरेल. लोक समजवायला येत. "देवाची मर्जी," म्हणत. "नशीब," म्हणत. ती हात जोडून सांगे, "देवाला मध्ये घेऊ नका. भिंत ओली होती."

माघात बातमी आली की ओरत्तनाडूला कुणा मराठी घरात भिंतीतून भंडारा येतोय आणि जेजुरीचे एक भगत उतरले आहेत. मी पोलिसांत अर्ज करायला निघाले होते. मावशी म्हणाली, "तू अर्ज कर. मी बसनं जाते." पिशवीत आरतीचं ताट आणि चुन्याची डबी घेतली. मी अर्ज दिला आणि तिच्यामागून गेले.

तिथंही धुकं, रांग, तोच येळकोट. भगतानं मावशीला ओळखलं आणि त्याचा आवाज मधेच बसला. ती रांग सोडून सरळ आत गेली. त्या खोलीत एक तरणी बाई तान्हं पोर घेऊन चित्राखाली बसली होती. पोराच्या कपाळावर तीच शेवाळी पिवळी पूड. पोर शिंकत होतं.

मावशीनं ताट जमिनीवर ठेवलं. भिंतीवरची पूड घेतली, चुन्याचं पाणी घातलं आणि थांबली. पूड लाल झाली नाही.

"ह्या बाईच्या डोक्यावर परिनाम झालाय," भगत म्हणाला. "हिचा पोरगा मेलाय."

"आमां, होय," मावशी म्हणाली. "मेलाय. हे मी त्याला माझ्या हातानं चारलं म्हणून मेलाय." मग ती लोकांकडे वळली. तिनं आयुष्यात कधी चार माणसांपुढे भाषण केलं नव्हतं. "मी देव सोडा म्हणत नाही. माझ्याही घरी देव आहे. पण भिंतीवर काही उगवलं तर आधी बघा, पाणी कुठून येतं. नळ बांधून घ्या. खिडकी उघडा. नाकातोंडाला फडकं बांधून, साबणाच्या पाण्यानं धुऊन काढा. पोर आजारी असेल तर त्याला त्या खोलीत ठेवू नका, डॉक्टरकडे न्या. आणि कुणी म्हणालं की बघू नको, विचारू नको, उघडू नको, तर समजा की तो खोटा आहे. मी विचारलं नाही. तुम्ही विचारा."

"वेडी आहे," कुणीतरी म्हणालं. दोघं तिला बाहेर काढायला पुढे आले. मी मध्ये शिरले, आणि माझी जीभ त्या दिवशी काय काय बोलली ते छापण्याजोगं नाही.

पण ती तान्ह्याची आई उठली. तिनं भगताकडे पाहिलं नाही, आमच्याकडेही पाहिलं नाही. पोराचं कपाळ पदरानं पुसलं, त्याला एका हातावर घेतलं आणि दुसऱ्या हातानं खिडकीची कडी ओढली. कडी गंजलेली होती, निघेना. मावशी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली, आणि दोघींनी मिळून ती खिडकी उघडली.